पेठे मॅडम आत आहेत

"मॅडम आत आहेत. पेशंट तपासतायत. थांबावं लागेल," फोनवरचा माणूस म्हणाला.

आणि त्या मॅडम माझ्यासमोर बसल्या होत्या. मस्कतमध्ये, रुवीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या केबिनमध्ये. हातात करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा कागदी कप. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे त्यांनीही ऐकलं.

"कुठल्या मॅडम?" मी विचारलं.

"पेठे मॅडम. डॉक्टर हेमांगी पेठे. आमच्याकडे दुसऱ्या मॅडम नाहीत. नाव सांगता का? नंबर लावून ठेवतो."

तेवढ्यात तिकडे टिंग करून बेल वाजली. पुढच्या पेशंटला आत बोलवायला डॉक्टर वाजवतात तशी. "बघा, बोलावलंच," असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

समोरच्या बाईंनी कप टेबलावर ठेवला. "ती बेल माझी आहे," त्या म्हणाल्या.

भर सकाळ होती. खाली टॅक्सीवाल्यांची 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, चला', चालली होती. तरी मला उठून केबिनचं दार लावून घ्यावंसं वाटलं, आणि मी लावलं.

हा सगळा प्रकार समजायला माझं काम काय होतं ते सांगायला हवं. मी डॉक्टर नाही, एमकॉम आहे. माझं काम होतं डॉक्टरांचे परवाने जिवंत ठेवणं. या कामाला क्रेडेन्शियलिंग असं भारदस्त नाव आहे. आपल्याकडे एकदा डॉक्टर झालं, पाटी लागली, की लोकांच्या लेखी विषय संपतो. प्रत्यक्षात डॉक्टरला ज्या राज्यात, ज्या देशात हात चालवायचा तिथली वेगळी नोंदणी लागते. महाराष्ट्राची वेगळी, गोव्याची वेगळी, ओमानची वेगळी, दुबईची आणखी वेगळी. प्रत्येकाची मुदत निराळी, नियम निराळे, फोटोचा आकारसुद्धा निराळा. शिवाय प्रत्येकजण दुसऱ्याकडून गुड स्टँडिंग मागतो. म्हणजे 'या डॉक्टरविरुद्ध आमच्याकडे काही तक्रार नाही' असं प्रमाणपत्र. हे सगळे परवाने शेवटी पहिल्या नोंदणीवर उभे असतात. ती हलली की वरचं सगळं खाली येतं.

डॉक्टर मीरा काणे आमच्याकडे बालरोगतज्ज्ञ होत्या. मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागात राहायच्या, मुलगा तिथेच शाळेत. नवरा सुहास ओमानमध्येच सोहारला नोकरीला, सुट्टीला घरी यायचा. हाताला गुण असलेल्या बाई. रडणारं मूल त्यांच्याकडे गेलं की गप्प व्हायचं, मग आईच रडायला लागायची. त्यांचे चार परवाने होते: महाराष्ट्र, गोवा, ओमान आणि आमच्या दुबईच्या शाखेसाठी चौथा. त्यातला ओमानचा संपत आला होता, म्हणून मी नूतनीकरणाचे कागद लावले होते. नेहमीचं काम. डोळे मिटून करण्यासारखं.

तिथे आडवे आले सालेमसाहेब.

सालेमसाहेब परवाना खात्यात होते. बलुची ओमानी, त्यामुळे हिंदी फर्डं. कामात चोख आणि स्वभावाने गमत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं, फाईल माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "सिस्टर, इस डॉक्टर के दो बाप हैं."

मी हसले. ते हसले नाहीत.

महाराष्ट्राच्या नोंदणीवर नाव होतं हेमांगी रघुनाथ पेठे. गोव्यापासून पुढे सगळीकडे मीरा सुहास काणे. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. मुलीचं लग्न झालं, नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, हेमांगीची मीरा झाली, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं. पण अरबांकडे मधलं नाव म्हणजे बाप. त्यात बदल नाही. त्यामुळे त्यांच्या हिशेबी एका बाईचा बाप रघुनाथ, दुसरीचा सुहास.

"सुहास शौहर है," मी म्हटलं.

"तो बाप की जगह क्यों बैठा है?" सालेमसाहेबांनी विचारलं. "हमारे यहाँ औरत की शादी होती है, नाम की नहीं होती. बाप का नाम कब्र तक जाता है."

माझ्या स्वतःच्या लग्नात सासूबाईंनी 'शर्मिष्ठा' हे नाव काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, नीलिमा या नावाचा रेशन कार्डापासून डिग्रीपर्यंत एवढा पसारा झालाय, तो आता कोण आवरणार? त्या वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. पण ते सालेमसाहेबांना सांगण्यात अर्थ नव्हता. लग्नाचा दाखला आणि नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र फाईलला होतं. मी ते उघडून दाखवलं.

"ये ठीक है," ते म्हणाले. "लेकिन ये?"

डॉक्टरची माहिती खरी आहे का, हे आम्ही एका तपासणी कंपनीकडून थेट मुळाशी जाऊन तपासून घेतो. त्या कंपनीच्या माणसाने महाराष्ट्रातल्या नोंदणीवरच्या पत्त्यावर फोन केला होता. त्याचा शेरा असा, की डॉक्टर हेमांगी पेठे सध्या याच पत्त्यावर प्रॅक्टिस करत असल्याचं तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं.

"वो यहाँ है," सालेमसाहेब बोट आपटत म्हणाले, "तो वहाँ कौन है?"

आमचे ॲडमिनिस्ट्रेटर कुरियनसाहेब म्हणजे नियमाला धरून चालणारा माणूस. ते म्हणाले, "नीलिमा, वन डॉक्टर, टू कंट्रीज, सेम मॉर्निंग? अनटिल यू क्लिअर धिस, शी डझ नॉट टच अ पेशंट." म्हणजे मीराबाईंची ओपीडी बंद. आणि कुणीतरी त्यांच्या नंबरावर खरंच दुकान थाटलं असेल, तर महाराष्ट्राची नोंदणी चौकशीत जाणार. ती गेली की गोवा, ओमान, दुबई, सगळं गेलं. पंधरा-सोळा वर्षांची डॉक्टरकी पुसली जाणार. म्हणून मी त्यांना केबिनमध्ये बोलावून तो फोन लावला होता.

दार लावून मी परत बसले. "डॉक्टर, तो पत्ता कुणाचा?"

"बाबांच्या दवाखान्याचा. चिपळूणच्या पुढे, आमच्या गावच्या बाजारपेठेत. लग्नाआधी मी बाबांबरोबर बसायचे. बाबा बाहेरच्या टेबलाशी, मी आतल्या खोलीत. पण दवाखाना बंद आहे, नीलिमाताई. आई गेल्यावर बाबांनी बंद केला. त्यांचा स्वतःचा परवानाही त्यांनी पुढे चालू ठेवला नाही."

"आणि तुमची पाटी?"

"पाटी आहे. बाबा म्हणाले होते, सगळीकडे नाव बदललंस, इथलं एक राहू दे. म्हणून मी महाराष्ट्राच्या नोंदणीत नाव बदललंच नाही."

त्यांनी माझ्याच फोनवरून पुन्हा नंबर लावला. पुन्हा तोच माणूस.

"गंगाराम, मी बोलतेय," त्या म्हणाल्या.

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अगदी दबलेल्या आवाजात, "ताई?"

गंगाराम म्हणजे त्यांच्या वडिलांचा जुना कंपाउंडर.

"आत कोण आहे, गंगाराम?"

"कुणी नाही, ताई."

"मग बेल कुणी वाजवली?"

याचं उत्तर यायच्या आत फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, पण खणखणीत, रुबाबदार. "कोण बोलतंय?"

"बाबा, मी. हेमांगी."

"हेमांगी आत आहे. पेशंट बघतेय," आवाज म्हणाला. "आपण कोण?"

डॉक्टर मीरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी मीरा," त्या म्हणाल्या.

"मीरा कोण?" त्यांनी जरा विचार केला असावा. मग अगदी सौजन्याने म्हणाले, "बरं, या तुम्ही. पण उशिरा येऊ नका. तिच्याकडे गर्दी असते."

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण समोरची बाई चांगली धडधाकट जिवंत असताना, दीड हजार किलोमीटरांवर तीच बाई आत बसलीय आणि तिच्याकडे गर्दी आहे, असं सख्खा बाप सांगतो, तेव्हा अंगावर काटा येतो. मीराबाई हळूच म्हणाल्या, "दर आठवड्याला बोलते मी त्यांच्याशी. ते मला नेहमी 'बाळ' म्हणतात. नाव घेतच नाहीत. माझ्या लक्षातच नाही आलं."

आणि मग आठवून म्हणाल्या, "गेल्या मे महिन्यात गेले होते, तेव्हा मला 'आपण' म्हणत होते. मला वाटलं, चेष्टा करतायत."

गंगारामने नंतर फोन करून सांगितलं ते तुटक होतं. डॉक्टरांना हल्ली आठवत नाही, काळजीचं काही नाही, औषधं साधीच देतो. मीराबाई गावी आल्या की तो दवाखान्याचं शटर पाडून ठेवायचा आणि डॉक्टरांना सांगायचा, मॅडम रजेवर आहेत. म्हणजे खरी मुलगी घरी यायची तेव्हा खोटी रजेवर जायची. हे ऐकून मला हसू येत होतं आणि तेही बरं वाटत नव्हतं.

पण 'साधी औषधं' म्हणजे काय? मला कुरियनसाहेबांना आणि सालेमसाहेबांना लेखी उत्तर द्यायचं होतं, खाली माझी सही. ऐकीव गोष्टीवर मी सही करत नाही. कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं होतं.

मस्कतच्या हमरिया भागात इक्बालभाईंचं किराणा दुकान आहे. कोकणातलं काहीही तिथे मिळतं, कोकमापासून तिथल्या बातम्यांपर्यंत. इक्बालभाई मीराबाईंच्याच तालुक्याचे. पुतणीच्या लग्नाला गावी निघाले होते. मी गळ घातली, की जमलं तर दवाखान्यात पेशंट म्हणून जाऊन या. ओमानात तेव्हा व्हॉट्सॲपवरून फोन लागत नसे, पण रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. तीन दिवसांनी त्यांचे एकामागोमाग एक निरोप आले. आम्ही दोघींनी ते माझ्या केबिनमध्ये बसून ऐकले.

"नीलिमाबाय, मी गेलो होतो. दवाखाना चालू हाय. बाहेर बाकावर मान्सं बसलीत, पाच-सहा. म्हातारे डॉक्टर टेबलाशी. कपडे एकदम कडक इस्त्रीचे. मला म्हणाले, बसा, मॅडम आत हायत. माझा नंबर आला. बेल वाजली. मी आत गेलो."

पहिला निरोप इथे संपला. मीराबाईंनी दुसरा लावला.

"आत कोन नाय. टेबल हाय, खुर्ची हाय. खुर्चीवर पांढरा कोट घातलाय, धुतलेला, इस्त्री केलेला. पंखा चालू. टेबलावर पान्याचा गिलास, वर झाकन. समोर पेशंटचं स्टूल. मला काय समजेना, मी उभाच. दारातून तो कंपाउंडर बोलला, बसा चाचा, काय होतंय ते सांगा मॅडमला. मी बसलो. अल्लाशप्पत सांगतो बाय, मी खुर्चीकडं बगून सांगितलं, पित्त होतंय म्हनून. बोलून गेलो. तिथं बसल्यावर बोलल्याशिवाय ऱ्हावत नाय."

तिसरा निरोप: "बाहेर आलो तर डॉक्टरांनी चिट्टी लिवली. पित्ताचंच औषद. मी त्यांना बोललोच नव्हतो काय होतंय ते."

चौथ्यात खुलासा होता. बाकावरच्या माणसांना त्यांनी विचारलं होतं. ते म्हणाले, डॉक्टरांनी आमच्या तीन पिढ्यांना बघितलं, आता आम्ही त्यांना बघतो. आत जाऊन जरा बसायचं, त्यांचं मन राहतं. खरं आजारी असलेल्याला गंगाराम मागच्या दाराने सरकारी दवाखान्यात पाठवतो. पार्टिशन पातळ, त्यामुळे आत बोललेलं डॉक्टरांना बाहेर ऐकू येतं. आणि बेल? ती जुनी विजेची, वायर सैल झालीय, पंख्याच्या वाऱ्याने हलली की वाजते, असं गंगारामचं म्हणणं. एक पेशंट बाहेर आल्यावरच कशी हलते, हे इक्बालभाईंनी विचारलं नाही. मीही नाही.

"चिठ्ठीवर सही कुणाची?" मीराबाईंनी निरोप पाठवून विचारलं.

उत्तर लगेच आलं. "एच. आर. पेठे. बाईमानसाच्या अक्षरात."

मीराबाईंनी डोळे मिटून घेतले. "बाबांनीच मला सही शिकवली होती," त्या म्हणाल्या. "आणि आजवर निभावलं म्हणून उद्या निभावेल असं नाही. एखादं न्यूमोनियाचं मूल आत जाऊन त्या खुर्चीसमोर बसेल, गंगारामच्या नजरेतून सुटेल, आणि बाबा खोकल्याचं औषध लिहून देतील. माझ्या सहीने."

हे बोलणारी मुलगी नव्हती, डॉक्टर होती. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

मी त्यांना दोन रस्ते सांगितले. एक, महाराष्ट्राची नोंदणी परत करायची, म्हणजे हेमांगी पेठे हा डॉक्टरच उरत नाही. पण मग वरचे परवानेही पडतात. दुसरा, मूळ नोंदणीतच नाव दुरुस्त करून घ्यायचं. हेमांगीवर रेघ, तिथे मीरा. जुन्या नावाची पाटी, चिठ्ठ्या, शिक्का सगळं रद्द. दवाखान्याला कुलूप. आणि झालं ते सगळं खरंखुरं लिहून द्यायचं, इथेही आणि नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्राच्या मेडिकल कौन्सिललाही.

"बाबा म्हणाले होते, एक नाव राहू दे," त्या म्हणाल्या.

"हो. पण त्या नावावर आता औषधं जातायत."

त्या उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "तिकीट काढते."

मी सालेमसाहेबांना सगळं सांगितलं, काही न झाकता. कुरियनसाहेबांचा सल्ला होता की विचारतील तेवढंच सांग. पण मी म्हटलं, या माणसाला अर्धं सांगितलं तर हा उरलेलं शोधत बसेल. सालेमसाहेब ऐकत राहिले. मग विचारलं, "कौन सा बाप? पहला या दूसरा?"

"पहला."

त्यांनी डोक्यावरची कुम्मा, ती नक्षीची ओमानी टोपी, काढून टेबलावर ठेवली. "मेरी माँ आख़िर में मुझे अपने भाई के नाम से बुलाती थी," ते म्हणाले. "मैं जवाब देता था. क्या करता?" मग फाईल एका बाजूला सरकवून, "एक नाम ले आओ, सिस्टर. इन्शाल्ला हो जाएगा."

मीराबाई गावी जाऊन परत आल्या तेव्हा वाळल्या होत्या. काम झालं होतं. कौन्सिलने चौकशी केली, वडिलांचं आजारपण पाहिलं, समज देऊन प्रकरण मिटवलं आणि नावाची दुरुस्ती मान्य केली. वडिलांकडे घरात राहणारं एक जोडपं ठेवलं होतं. व्हिसा आला की वडिलांना मस्कतला आणायचं होतं. हे सगळं त्यांनी पटापट सांगितलं. मग चहा आला आणि त्या सावकाश बोलायला लागल्या.

"कुलूप लावायच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले. बाबा म्हणाले, 'या, बसा. आपण कुठल्या? मॅडम आत आहेत.' मी बाकावर बसले. नंबर आला तशी आत गेले. माझाच कोट, माझीच खुर्ची. मी स्टुलावर बसले."

"मग?"

"मग मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. खरंच दुखतो. दुसरं काय सांगणार? आणि सांगताना, नीलिमाताई, मला असं वाटलं की ती ऐकतेय. सव्वीस वर्षांची, माझ्याहून हुशार, तिला पुढे काय काय करायचंय. मला तिच्यासमोर उगीच लाजल्यासारखं झालं." त्या हसल्या. "बाहेर आले. बाबांनी औषध लिहिलं. बरोबर होतं. वर म्हणाले, 'वजन उतरवा. आमच्या मॅडमनी सांगितलं असेलच.'"

मी त्यांचा हात धरला. मी एरवी असलं काही करत नाही. "चहा पी, मीरा. गार होतोय," मी म्हटलं. कधी नव्हे ते अगं-तुगं तोंडातून गेलं, आणि त्यांनी ते राहू दिलं.

गावी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पाटी उतरवली होती. कोट घरी नेला. आतल्या खोलीला कुलूप, शटरला कुलूप. वडील समोरच्या पानवाल्याच्या टपरीशी उभं राहून बघत होते.

नवा परवाना आला. सालेमसाहेबांनी शिक्का मारताना म्हटलं, "खलास. अब एक ही बाप." मग चूक लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली. कारण उरला होता तो दुसरा, सुहास.

मीराबाईंची ओपीडी पुन्हा सुरू झाली. हॉस्पिटलात जणू काही झालंच नव्हतं. आणि मग एक दिवस मला भारतातून फोन आला. त्यांच्या गावच्या पोलीस ठाण्यातले हवालदार. मीराबाई ओपीडीत होत्या म्हणून गंगारामने माझा नंबर दिला होता.

"इथं एक म्हातारे गृहस्थ आलेत," हवालदार म्हणाले. "डॉक्टर आहेत, मोठं नाव आहे त्यांचं इथं. मुलगी हरवल्याची तक्रार द्यायचीय म्हणतात."

मी समोरची फाईल बाजूला सारली. "काय सांगितलं त्यांनी?"

"नाव हेमांगी रघुनाथ पेठे. वय सव्वीस. पांढरा कोट. लग्न व्हायचंय म्हणाले. शेवटचं कुठं पाहिलं विचारलं, तर म्हणतात, दवाखान्यात आत जाताना. आत गेली ती बाहेर आलीच नाही, आणि लोकांनी बाहेरून कुलूप घातलं."

मला क्षणभर खरंच वाटलं की कुणीतरी धावत जाऊन ते कुलूप उघडायला हवं.

मी त्यांना परिस्थिती समजावली. हवालदार समजूतदार होते, पण तक्रार द्यायला माणूस समोर बसलाय तर काहीतरी लेखी लागेल म्हणाले. लेखी माझ्याकडे होतंच. हेमांगी रघुनाथ पेठे आणि मीरा सुहास काणे या एकच व्यक्ती आहेत, असं सांगणारं कौन्सिलचं पत्र, वर मीराबाईंचा फोटो, सही, शिक्का. मोठ्या मुश्किलीने मिळवलेलं. मी ते त्यांच्या मोबाईलवर पाठवलं.

थोड्या वेळाने त्यांचा परत फोन आला. आवाज उतरला होता.

"दाखवलं मी त्यांना. वाचूनही दाखवलं. फोटो बराच वेळ बघत होते. म्हणाले, ही बाई ओळखीची आहे. गुडघा दुखतो म्हणून आली होती आमच्याकडं."

"आणि?"

"आणि म्हणाले, हिला विचारा माझी मुलगी कुठाय. तिचं सगळं हिच्याच नावावर झालंय, असं तुम्हीच वाचलंत ना आत्ता?"

मीराबाई ओपीडी संपवून वर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मग तोंड धुऊन संध्याकाळच्या पेशंटसाठी खाली गेल्या. व्हिसा आला, पण वडील मस्कतला आले नाहीत. मुलगी सापडल्याशिवाय गाव सोडणार नाही म्हणाले, आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

तक्रारीच्या कागदावर पोलिसांनी 'व्यक्ती मिळून आली' असा शेरा मारला. मीराबाईंचे चारही परवाने आजही चालू आहेत, सगळ्यांवर एकच नाव.

मी निवृत्त होईपर्यंत पुढे कितीतरी नव्या बायका डॉक्टर म्हणून आमच्याकडे आल्या. प्रत्येकीला मी पहिल्याच दिवशी सांगायचे, नाव एकच ठेवा, कुठलंही ठेवा, पण सगळीकडे तेच ठेवा. त्या विचारायच्या, का? मी सांगायचे, वेळ वाचतो.